शेवंतीची जोडी लावायची कधी?

२०२२ च्या नोव्हेंबरात मी घाई केली आणि त्याचा त्रास शेवंतीला झाला. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

शेवंती ही माझी बॉल पायथन मादी. काळपट अंगावर पिवळसर सोनेरी ठिपके, त्यावरून आईनं ठेवलेलं नाव. सांगलीत विश्रामबागला आमचं घर आहे, माडीवरच्या खोलीत तिचा टब असतो. आलेला प्रत्येक पाहुणा "अजगर पाळलाय होय?" असं विचारतो आणि मी प्रत्येकाला सांगतो: आपल्याकडचा अजगर वेगळा. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला घरात ठेवणं गुन्हा. हिचं मूळ पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं, घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातलं. नागपंचमीचं शिराळा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे सापाचा विषय निघाला की वनखात्याचा विषय निघतोच, आणि तो निघावाही. बॉल पायथन ही जात साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येते. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले, तेव्हा मी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर शेवंतीची आणि नराची नोंद करून घेतली. पिल्लं झाली की त्यांचीही नोंद करायची असते. जोडी लावायचं मनात असेल त्यानं हे काम आधी उरकावं.

तर २०२२. शेवंतीचा जन्म जुलै २०२० चा, म्हणजे तेव्हा ती सव्वादोन वर्षांची. वजन १३४० ग्रॅम. ज्यांच्याकडून तिला घेतलं होतं ते म्हणाले, "बाराशेच्या वर गेली ना, मग लाव बिनधास्त." मादी साधारण तीन वर्षांची आणि १५०० ग्रॅमच्या वर असावी, हा पाळणाऱ्यांमधला जुना ठोकताळा मी वाचलेला होता. पण बाराशेला अंडी दिलेल्या माद्याही असतात हे खरं आहे, आणि मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं.

नर तिच्या टबात सोडला. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या खेपेला दोघांच्या शेपट्या एकमेकांत गुंतलेल्या दिसल्या, आम्ही त्याला लॉक म्हणतो. मला वाटलं, जमलं. डिसेंबरात तिनं उंदीर घेणं बंद केलं, तेव्हा तर खात्रीच झाली. पण फेब्रुवारी गेला, मार्च गेला, पोट होतं तसंच. एप्रिलमध्ये वजन केलं तर ११८० ग्रॅम. अंडं एकही नाही. पाठीचा कणा बोटाला लागत होता आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघत होती. अंगात मुळात साठा नव्हता, त्यात चार महिन्यांचा उपास आणि आठ-पंधरा दिवसांनी नराची ढवळाढवळ. त्या दिवशी तिला हातात घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो.

तेव्हापासून वही केली. तारीख, वजन, काय खाल्लं, कात कधी टाकली, एवढंच लिहायचं. वजनाला स्वयंपाकघरातलाच पाच किलोचा काटा. झाकणाचा डबा काट्यावर ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, मग तिला आत सोडून झाकण लावायचं. खाल्ल्यावर लगेच वजन करायचं नाही, नाहीतर आपण उंदीरच मोजतो.

पुढच्या वर्षी माझी दुसरी चूक झाली असती. ती भरून यावी म्हणून मी दर आठवड्याला मोठा उंदीर द्यायला लागलो. नोव्हेंबर २०२३ ला वय सव्वातीन, वजन १६४० ग्रॅम. दोन्ही आकडे ठोकताळ्यात बसत होते. नराचा टब उघडायलाही गेलो होतो. त्याच संध्याकाळी शेवंती माझ्या मनगटाला वळसा घालून बसली होती आणि वळली की तिच्या मागच्या अर्ध्या भागात घड्या पडताना दिसल्या. खवल्यांमधली कातडी ताणून दिसत होती. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना गुबगुबीत फुगवटा. ही चरबी होती. चांगल्या मादीच्या अंगाचा छेद कल्पनेनं पाहिला तर तो गोलसर त्रिकोणी वाटायला हवा: पाठीवर कण्याची हलकीशी धार, दोन्ही अंगांना भरीव मांस, पोट सपाट. ही पाइपासारखी गोल झाली होती. चरबी चढलेल्या मादीत अंडी नीट न फळण्याचा आणि अंडं अडकण्याचा धोका वाढतो. अडकलं तर जीव जाऊ शकतो.

मिरजेला एक पशुवैद्य आहेत, दवाखाना मुख्यतः कुत्र्या-मांजरांचा, पण त्यांची सुरुवातीची वर्षं जनावरांच्या दवाखान्यात गेली. त्यांना दाखवली. त्यांनी तिला दोन्ही हातांतून हळूहळू सरकू दिलं आणि म्हणाले, "कालवड नुसती माजावर आली म्हणून भरवत नाही आपण. अंगानं पुरी झाली का बघतो. आणि अंगानं पुरी म्हणजे सुटलेली नव्हे." त्या वर्षी नराला बाहेर काढलंच नाही. घरात कुणाला काही वाटलं नाही, पण मला वर्ष हातचं गेल्यासारखं झालं होतं हे खरं.

२०२४ भर खाणं बेतात ठेवलं. दर चौदा दिवसांनी ऐंशी-नव्वद ग्रॅमचा एकच उंदीर, मारलेला. आठवड्यातून दोनदा तिला टबाबाहेर खोलीभर फिरू द्यायचो. वजन आधी थोडं उतरलं, मग सावकाश चढलं. ऑक्टोबर अखेरीला १७१० ग्रॅम, आणि या वेळी वळताना घडी नाही. हाताला ती जड लागत होती, मऊ नाही. कात डोळ्यांवरच्या टोपणांसकट अखंड निघाली. माइट (खवल्यांत शिरून रक्त पिणारे बारीक किडे) नाहीत, श्वासाला घरघर नाही, तोंडात फेस नाही. हे सगळं जुळल्यावरच मी पुढचा विचार केला.

नोव्हेंबरात आपल्याकडे रात्री गार व्हायला लागतात. मी थर्मोस्टॅट रात्रीपुरता उतरवला, गार बाजू चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली जाऊ दिली नाही, उबदार जागा दिवसा एकतीस-बत्तीसच ठेवली. काही जण याहून बरंच गार करतात. मला त्याची गरज वाटली नाही, आणि सर्दी धरली तर ती सापाच्या छातीत बसते.

आता तयार झालेल्या मादीच्या म्हणून ज्या खुणा सांगतात त्यांच्याबद्दल. ती पाण्याच्या भांड्याला विळखा घालते, गार बाजूला जाते, अर्धी उताणी पडते, रंग उजळतो, खाणं सोडते. शेवंतीनं यातलं बहुतेक सगळं केलं. पण भांड्याला विळखा उकाड्यानंही घालतात, पाण्यातच बसून राहिली तर आधी माइट शोधायचे, आणि हिवाळ्यात खाणं तर न फळलेली मादीही सोडते. २०२२ ला मी त्याच एका खुणेवर भाळलो होतो. खुणा खोट्या नसतात, फक्त एकेकटी खूण काही सिद्ध करत नाही.

सगळ्यात जास्त कळतं ते हातानं. सापाला पुढे सरकू द्यायचं आणि खाली बोटं नुसती टेकवून ठेवायची, दाबायचं अजिबात नाही. अंडाशय शरीराच्या मागच्या भागात, पण मलद्वाराच्या बरंच पुढे असतं. अगदी शेपटीजवळ जे कडक लागतं ती विष्ठा. नोव्हेंबरच्या शेवटी मला काहीच लागलं नाही. डिसेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी बोटाखालून काहीतरी टपटप सरकत गेलं, लहानपणी खिशात गोट्या असायच्या आणि कापडावरून चाचपायचो तसं. एक, दोन, तीन. मी हात थांबवला. पुन्हा करून बघायची फार इच्छा झाली, पण ते नाजूक असतं, म्हणून तिला तशीच टबात सोडली.

खात्रीसाठी मिरजेलाच सोनोग्राफी केली. डॉक्टरांसाठी सापाची पहिलीच. तिच्या बाजूला जेल लावलं, मी डोक्याकडून धरलं, आणि पडद्यावर गोल गोल सावल्या ओळीनं उमटल्या. त्यांनी मोजल्या: अकरा ते बारा मिलिमीटर. या जातीत फॉलिकल, म्हणजे अंडाशयात वाढणारी अंड्याची गोटी, दहा मिलिमीटरच्या खाली असेतो मादी सहसा नराकडे फारसं लक्ष देत नाही, वाढीला लागलं की देते, आणि चाळीसच्या आसपास ओव्ह्युलेशन होतं, म्हणजे त्या गोट्या अंडाशयातून सुटतात. म्हणजे दार आत्ता उघडत होतं. त्याच आठवड्यात नर सोडला, तीन रात्री ठेवायचा आणि अडीच-तीन आठवडे काढायचा, असं. जानेवारीच्या अखेरीला अठरा मिलिमीटर आणि रात्रभर लॉक.

९ मार्च २०२५ ला सकाळी टब ओढला तर तिच्या अंगाच्या मध्यावर फुगवटा, जणू भला मोठा उंदीर गिळलाय. दुसऱ्या दिवशी तो ओसरला होता. ते ओव्ह्युलेशन. नराचं काम तिथं संपलं. एकोणीस दिवसांनी कात टाकली आणि त्यानंतर एकोणतिसाव्या दिवशी, २६ एप्रिलला, सहा अंडी. पाच पांढरीशुभ्र, एक पिवळं आणि आक्रसलेलं, न फळलेलं. ती त्यांच्याभोवती वेटोळं करून बसली होती आणि मी अंडी काढताना तिनं हिसकाही दिला नाही. बाहेर चाळीस अंशांचा उकाडा, त्यात लाइट जायची, इन्व्हर्टरवर अंडी उबवायची पेटी चालवली. सत्तावन्न दिवसांनी पाच पिल्लं. त्यांची नोंद झाली आहे.

मला महत्त्वाचं वाटतं ते २६ एप्रिलचं वजन. अंडी काढल्यावर शेवंतीला काट्यावर ठेवलं: ११५० ग्रॅम. म्हणजे त्या पहिल्या घाईनंतर, २०२३ च्या एप्रिलमध्ये, ती उतरली होती त्याहूनही कमी. तेव्हा १३४० वर तिला खरंच अंडी लागली असती तर ती कुठं जाऊन थांबली असती, याचा हिशेब मी त्या रात्री वहीत मांडून पाहिला आणि अर्ध्यावर सोडला.

दहा दिवसांनी तिनं पहिला उंदीर घेतला, मुद्दाम लहान दिला होता. पावसाळा संपेपर्यंत चांगली खात राहिली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी वजन केलं: १४८० ग्रॅम, पाठीवरची धार अजून थोडी जास्तच लागते. ओळखीच्या दोघांनी विचारलं, यंदा लावतोस ना? नाही म्हणालो. नराचा टब या वर्षी खालच्या खोलीत हलवला आहे, आणि वहीत शेवंतीच्या पानावर पुढचं वजन करायची तारीख लिहिली आहे.