यहूदाचं भाषण आणि मलिद्याची ताटं

स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अहवालवाचन, बक्षिसं. एवढं लिहिलं की संमेलनाचा पहिला दीड तास झाला असं समजा. माझगावच्या सर एली कदूरी शाळेच्या संमेलनाला मी आधी प्राथमिकच्या पोरांबरोबर सतरंजीवर बसले, मग आई म्हणून खुर्चीवर बसले आणि आता माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाची खजिनदार म्हणून मागे उभीच असते. मलिद्याच्या, म्हणजे आमच्या प्रसादाच्या, ताटांवर कोणीतरी डोळा ठेवायला हवा ना.

अध्यक्षीय भाषणात दोन गोष्टी आल्या नाहीत तर भाषण झालं असं आमच्यात धरत नाहीत. पहिली गोष्ट 1875 ची. त्या साली हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी, मुलांसाठी मुंबईत ही शाळा काढली. तेव्हा तिचं नाव इस्रायलाईट स्कूल. दुसरी गोष्ट त्यांनी लिहिलेल्या आमच्या समाजाच्या इतिहासाची. 1897 साली लिहून हातावेगळा केलेला तो ग्रंथ छापून आला 1937 साली, तोही तेल अवीवला. इथे वक्ता हमखास थांबतो आणि मागच्या रांगेतून हमखास कोणीतरी म्हणतं, “त्या मानाने आपला अहवाल वेळेवर येतो हो!”

शाळेला नंतर ज्यांचं नाव मिळालं ते कदूरी मूळचे बगदादी यहुदी, शांघाय-हाँगकाँगकडे व्यापारात पैसा कमावलेले. मला पहिली-दुसरीत वाटायचं, कदूरी हेही अलिबागकडचंच एखादं गाव असणार. किहीमकर, पेणकर, नवगावकर, तसे हे कदूरकर असतील आणि पाटी रंगवताना ‘कर’ राहिला असेल. आईला विचारलं तर ती आधी हसली आणि मग म्हणाली, “मिस रूबेनच्या वेळी असं विचारलं असतंस ना, तर मोठा नकाशा घेऊन तासभर उभी राहिली असतीस.” रेबेका रूबेन 1922 ते 1950 पर्यंत शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आई त्यांच्या हाताखाली शिकलेली. पुढे साठी उलटली तरी पदर सारखा केल्याशिवाय तिला त्यांचं नाव घेता यायचं नाही.

आमच्या वेळी शाळेला सुट्टी शनिवारी आणि रविवारी शाळा. वाडीतली इतर पोरं रविवारी लगोरी मांडून बसलेली असायची आणि आम्ही दप्तर घेऊन त्यांच्या मधून जायचो. सणांच्या सुट्ट्या मात्र आम्हाला दुप्पट, त्यामुळे हिशेब फिटायचा. सूचनाफलकावर नावं हिब्रूत लिहिलेली असली तरी आमच्या तोंडी घरचीच होती. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. दारफाळणीच्या दिवशी घरातली मोठी माणसं दिवसभर उपाशी, पांढऱ्या कपड्यांत मशिदीत. मशीद म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, हे परक्या माणसाला अजून समजावून सांगावं लागतं. सॅम्युएल स्ट्रीटवरची ‘जुनी मशीद’ 1796 सालची आहे आणि तिथे नमाज नव्हे तर तोरा, आमचा धर्मग्रंथ, वाचतात, हे मी आजवर किती टॅक्सीवाल्यांना सांगितलं असेल कोण जाणे.

हिब्रूचे सर आम्हाला एकच वही करायला लावायचे. पुढून उघडली की मराठी शुद्धलेखन, मागून उघडली की अलेफ, बेत, गिमेल. दोन्हीकडून लिहीत लिहीत मधली पानं जवळ यायला लागली की वर्ष संपत आलं म्हणायचं. माझं मराठी नेहमी पुढे आणि हिब्रू मागे राहायचं, त्यामुळे माझ्या वहीतली सीमा सगळ्यांपेक्षा वेगळ्या जागी. सर रागावले तरी बोलायचे गोष्टीवेल्हाळ. 1832 साली विल्सन नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने बेने इस्रायली लोकांसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. “त्या पाद्र्याला तुमच्यासाठी एवढे कष्ट घ्यावेसे वाटले आणि तुम्हाला ‘खेत’ हे एक अक्षर घशातून काढायचा कंटाळा!” हे वाक्य वर्गातल्या प्रत्येकाला पाठ होतं, खेत मात्र कोणाच्याच घशातून निघायचा नाही.

केळ्याचा तास तर मी कधीच विसरणार नाही. मलिद्याच्या ताटातल्या फळांवर म्हणायच्या बेराखा, म्हणजे आशीर्वचनं, सर शिकवत होते. झाडाच्या फळाला ‘बोरे पेरी हाएत्स’, जमिनीतून येणाऱ्याला ‘बोरे पेरी हाअदामा’. सफरचंद हाएत्स, खजूर हाएत्स आणि केळं मात्र हाअदामा. एक पोरगा उठला. “सर, केळीचं झाड असतं की. आमच्या रेवदंड्याच्या वाडीत आहे.” सरांनी उत्तर दिलंच नाही, उलट त्यालाच विचारलं, “घड उतरवल्यावर तुझे आजोबा त्या झाडाचं काय करतात?” “कापतात.” “आणि आंब्याचं?” तो पोरगा गप्प बसला, आणि मग ज्याला ज्याला गावी वाडी होती तो प्रत्येकजण एकदम ओरडला, “केळ पुन्हा बुंध्यातून येते!” सरांनी फळ्यावर एक अक्षरही लिहिलं नाही. आज इतक्या वर्षांनीही मलिद्याला केळं उचलताना कोणी हाएत्स म्हणालं की आम्ही पाच-सहा म्हाताऱ्या एकदम वळून बघतो.

संमेलन जानेवारी-फेब्रुवारीत, शक्यतो एलियाहू हनावीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, उरुसाला धरून ठेवायचे. म्हणजे तू बिश्वात, झाडांच्या नव्या वर्षाचा सण, पण उरूसच म्हणायचे सगळे. मलिद्यात भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, वर फळं आणि सब्ज्याची डहाळी. ताटं मागच्या वर्गात झाकून ठेवलेली. वास पुढपर्यंत यायचा आणि पाहुण्यांचं भाषण त्या वासात ऐकावं लागायचं.

पण मी थांबायची ती कीर्तनासाठी. आमच्या लोकांनी 1880 च्या सुमारास कीर्तन आपलंसं केलं. पेटी, टाळ, आर्या, ओव्या, सगळं मराठी थाटाचं आणि आख्यान मात्र अब्राहामाचं, मोशेचं, योसेफाचं. शाळेत कीर्तनकार बाई आख्यान लावायच्या आणि मधली बोलणी मुलांच्या तोंडी घालायच्या. आख्यानं बदलायची, पण योसेफाचं लागलं की मला आधीपासून धडधड व्हायची, कारण त्यात यहूदाचं भाषण यायचं.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी: भावांनी विकलेला योसेफ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी झालेला आहे. दुष्काळात भाऊ धान्य मागायला येतात, त्याला ओळखत नाहीत. धाकट्या बन्यामीनच्या पोत्यात चांदीचा पेला सापडतो आणि अधिकारी म्हणतो, ह्याला इथे ठेवा, बाकीचे जा. तेव्हा यहूदा पुढे येतो. आरडाओरडा नाही, धमकी नाही. म्हातारा बाप घरी आहे, या पोरावर त्याचा जीव आहे, मी त्याला जामीन राहिलो आहे, तेव्हा याच्या जागी मला गुलाम करा. आणि शेवटी: पोरगा बरोबर नसेल तर मी बापाकडे कुठल्या तोंडाने जाऊ?

आमचा चांदीचा पेला म्हणजे क्रीडा महोत्सवाचा चषक. त्याच्यावर ‘रिले शर्यत’ असं कोरलेलं होतं, त्यावर शिवणाच्या बाई पांढरी पट्टी चिकटवायच्या. एका वर्षी ती पट्टी ऐन वेळी सुटली आणि मिसरच्या कोठारात रिले शर्यत झाली. लोक हसले. यहूदा झालेला चौथीतला मुलगा हसला नाही. त्याने चषक खाली ठेवला, दोन्ही हात झग्याच्या बाह्यांत ओढून घेतले, थंडी वाजल्यासारखे, आणि बोलायला लागला. आवाज इतका लहान की पेटीवाल्यांनी भाता थांबवला. दुसऱ्या रांगेत त्याची आजी बसली होती. घरात सगळ्यांचे पासपोर्ट तयार होते, फक्त तिचा नव्हता. ती माझगावची खोली सोडायला तयार नव्हती. मे महिन्यात ते सगळे इस्रायलला गेले.

तेव्हा तसंच चाललं होतं. सुट्टीनंतर बाकावर बोट फिरवून मोजायचं, कोण आहे, कोण गेलं. आमच्या वर्गातली मुलं आज लोदला आहेत, दिमोनाला आहेत, अश्दोदला आहेत. मोठी माणसं व्हरांड्यात हळू आवाजात बोलायची, तिकडे आपल्याला पुरते यहुदी मानायलासुद्धा खळखळ करतात म्हणून. 1964 साली तिकडच्या संसदेने तो प्रश्न मिटवला. आम्हा पोरांना त्यातलं एवढंच कळायचं की आता कोणाकोणाची ट्रंक बांधायला घेतलीय.

तेव्हापासून मी बरेच यहूदा पाहिले. हातवारे करणारे, गुडघ्यावर बसणारे, टीव्ही आल्यापासून तर ऊर बडवणारेही. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला हे भाषण ‘करता’ येतं त्याला ते देऊच नये. हे भाषण गयावया करणाऱ्याचं नाही, जबाबदारी घेतलेल्या माणसाचं आहे. कमिटीत माझं हे बोलणं कोणी ऐकत नाही. पाठांतर चांगलं असलेलं मूल निवडतात.

एकदा मात्र पाठांतराचीच पोर भारी निघाली. आता शाळेत आमची मुलं जवळजवळ नाहीतच. वस्ती बदलली, आमचे लोक ठाण्याला गेले नाहीतर परदेशी, आणि वर्गात बहुतेक मुलं आसपासच्या मुसलमान घरांतली. त्या वर्षी यहूदा झालेली मुलगी डोंगरीकडची. तालमीला तिची आई बुरख्यात येऊन मागे बसायची. मी भीत भीत तिला विचारलं, तुम्हाला हे चालेल ना? ती म्हणाली, “यूसुफ की कहानी है ना? वो तो हमारे यहाँ भी है.” मलिदा म्हणजे काय, तेही तिला सांगावं लागलं नाही. पोरगी पहिल्या दिवशीच सगळं म्हणून मोकळी झाली, मराठी स्वच्छ, जिथे थांबायचं तिथे थांबली. शेवटी एलियाहू हनावीचं गाणं म्हणताना तिच्या खेतला जो आवाज लागला तो ऐकायला हिब्रूचे सर हवे होते.

त्या दिवशी पहिल्या तीन रांगा रिकाम्या होत्या, हे मी लिहिणारच. लोदहून एक जोडपं खास तारखा जुळवून आलं होतं. त्यातल्या बाईंचा गुडघा नुकताच बदललेला. आणि ठाण्याहून? मेगाब्लॉक होता म्हणे! अहो, मीही ठाण्याचीच. मेगाब्लॉक मलाही होता. 2016 साली राज्य सरकारने आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा पेढे खायला किती माणसं जमली होती! “आता आपली मुलं कुठे आहेत तिथे?” असंही एकजण मला फोनवर म्हणाले. मी म्हटलं, वर्गणीचं पाकीट तरी पाठवा. ते अजून यायचं आहे.

आता आभार. गेल्या वर्षी काहीजण राहिले आणि मला चार दिवस झोप नव्हती, म्हणून या वेळी लिहूनच ठेवले आहेत. जुन्या शिवणाच्या बाई, ज्यांनी पडद्याच्या कापडातून याकोबाच्या बाराही मुलांचे झगे शिवले. मुलं नेहमी नऊ-दहाच मिळायची, झगे मात्र बाराच व्हायचे. माथारपाखाडीचे पेटीमास्तर, जे रविवारची मिस्सा आटोपून तडक तालमीला यायचे. शिपाईमामा, मूळचे रत्नागिरीकडचे वारकरी, जे कीर्तन म्हटल्यावर ड्युटी नसतानाही टाळ घेऊन बसायचे आणि मलिद्याची ताटं माझ्याआधी मोजून ठेवायचे. नारळ खवणाऱ्या सगळ्याजणी, विशेषतः ज्यांनी आपल्या घरची विळी आणली आणि ती परत नेताना दोनदा विचारलं की हीच का माझी. काळ्या मनुकांचं शरबत करणाऱ्या दोघी बहिणी. त्यांच्यात साखरेवरून वाद होतो, पण शरबत चांगलंच होतं. प्रार्थना चालवणारे हज्जान साहेब, जे बेराखा सांगायला आले आणि मुलांसाठी हळू म्हणाले. खुर्च्या कमी भाड्यात देणारे मंडपवाले. मायक्रोफोनचा मुलगा. सध्याच्या सगळ्या बाई आणि सर, ज्यांना स्वतःच्या घरी ही आख्यानं ठाऊक नसताना ती आमच्याकडून शिकून मुलांकडून बसवून घेतात. यांचे आभार खरं तर पहिले मानायला हवे होते. डोंगरीच्या त्या मुलीची आई. दिमोनाहून दरवर्षी न चुकता पैसे पाठवणारे आमचे वर्गबंधू, ज्यांनी नाव छापू नका म्हणून बजावलंय. पाणी भरणाऱ्या मावशी. झाडू मारणाऱ्या मावशी वेगळ्या, त्याही.

आणि हो, पेटीमास्तर. त्यांचं नाव वर आलंय, पण पेटीच्या दुरुस्तीचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले आणि पावती मागितली तर “हरवली” म्हणाले. ते पैसे मंडळाने द्यायचेत, तसं मी हिशेबात घातलंय. शिपाईमामांच्या टाळांची जोडी मागच्या खेपेला कार्यक्रम झाल्यावर कोणाच्या तरी पिशवीत गेली आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी मला फोन करायचीही गरज नाही. शाळेत शिपाईमामांच्या खोलीत ठेवून गेलात तरी चालेल, रविवारी सकाळी उघडी असते.