मोठ्याकडून लहानाकडे

दुकानातल्या मुलाने तिसऱ्यांदा विचारलं, "मॅडम, म्हणजे हा दुसरा फ्रीज ना? मोठा घरी आहेच?"

"नाही," मी म्हटलं, "मोठा द्यायचाय. त्याच्या बदल्यात हा घ्यायचाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा शेजारच्या वॉशिंग मशिनचं माहितीपत्रक वाचण्यात गढून गेल्याचं नाटक करत होता. चालू स्थितीतला 450 लिटरचा फ्रीज देऊन 190 लिटरचा नेणारं गिऱ्हाईक त्या मुलाच्या वाट्याला याआधी आलं नसावं.

"पाहुणे येत नाहीत का तुमच्याकडे?" त्याने काळजीने विचारलं. येतात म्हटल्यावर तो आणखीच गोंधळला. शेवटी त्याने स्वतःच वाट काढली. "मुलं शिकायला बाहेरगावी गेली असतील." आमची एकुलती एक मुलगी त्या क्षणी घरी सोफ्यावर लोळत होती. तरी मी मान डोलावली. त्याला बरं वाटलं, आणि बिल झालं.

पुढची दोन वर्षं आपण हेच करत राहणार आहोत, समोरच्याला बरं वाटेल असं एकेक कारण पुरवत राहणार आहोत, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

या सगळ्यामागे साक्षात्कार वगैरे काही नव्हता. टॉवेल होते. तिघांच्या घरात 22 टॉवेल. त्यांच्या भाराने कपाटाची फळी मोडली, तेव्हा जाड फळी बसवायची की टॉवेल कमी करायचे असे दोन मार्ग होते. सुतार आठ दिवसांनी येणार होता, म्हणून टॉवेल कमी केले. सुतार दुसऱ्या दिवशी आला असता तर हा लेख लिहिला गेला नसता.

टॉवेलांनंतर चादरी निघाल्या. मग कुठल्याच फोनला न लागणाऱ्या चार्जरांचा डबा, मग झोपायच्या खोलीतला टीव्ही, ज्याच्यासमोर आम्ही दोघं आपापल्या फोनमध्ये बघत पडायचो. फ्रीजची पाळी त्यामानाने उशिरा आली. त्याच्या मागच्या रांगेतल्या डब्यांत काय आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, आणि उघडून बघायला कोणी धजत नव्हतं. एवढं मोठं थंड कपाट आपण रात्रंदिवस चालवतो ते कशासाठी, तर जे शेवटी टाकायचंच आहे ते चार दिवस उशिरा टाकण्यासाठी. हे एकदा डोक्यात आल्यावर ते गेलं नाही.

मग विजेचं वेड लागलं. कुठलं यंत्र किती वीज खातं ते दाखवणारं एक छोटं उपकरण मिळतं. ते मी ऑफिसातल्या एकाकडून मागून आणलं. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरसुद्धा 10 वॅट घेत होता. दहा वॅट म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण वर्षाचे तास 8,760. एक वॅट वर्षभर चालू राहिला तर पावणेनऊ युनिटं होतात, दहा वॅटची सत्त्याऐंशीच्या वर. एवढी वीज आम्ही टीव्ही न बघण्यासाठी जाळत होतो! तेव्हापासून रात्री झोपण्याआधी मी घरभर फिरून भिंतीवरची बटणं बंद करू लागले. नवऱ्याने माझं नाव रात्रपाळीचा वॉचमन ठेवलं. वायफाय बंद केल्याच्या पहिल्या रात्री मुलीने जे नाव ठेवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरातल्यांचं एक वेळ ठीक, त्यांना निदान फळी मोडल्याचं माहीत होतं. बाहेरच्यांना फक्त निकाल दिसत होता.

पहिला फोन नणंदेचा. आधी इकडचं तिकडचं बोलून झालं, मग तिने आवाज खाली आणला. "वहिनी, सगळं ठीक आहे ना? म्हणजे दादाच्या नोकरीचं वगैरे?" मी हसले. तिला ते हसू धीराचं वाटलं. "हे बघ, काही असेल तर संकोच करू नकोस. आपल्या माणसांपासून काय लपवायचं?" लपवण्यासारखं काही नाही हे मी जितकं समजावून सांगत गेले, तितकी तिची खात्री पटत गेली की प्रकरण बरंच खोल आहे. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला वेगळा फोन करून विचारलं की वहिनीची तब्येत बरी आहे ना.

शेजारच्या काकूंची तऱ्हा निराळी. त्या बोलल्या काहीच नाहीत. दोन दिवसांनी काचेच्या सहा ग्लासांचा न फोडलेला खोका घेऊन आल्या. "आमच्याकडे पडूनच आहे गं, तुम्हाला होईल." आदल्या दिवशी त्यांच्यासमोर मी एका पाहुण्याला पाणी कपातून दिलं होतं. ग्लास त्या वेळी घासायला पडले होते, एवढंच. मी नको नको म्हटलं, पण जिच्याकडे खरोखरच नाही अशी बाई नको म्हणते तेव्हा ते तर अगदीच ऐकायचं नसतं. ग्लास घरात आले. मी सहा ग्लास कमी केले होते, ते बरोबर सहा परत आले.

हळूहळू मला एक कळायला लागलं. लोकांचा कमी वापराला विरोध नसतो, त्याला कारण नसण्याला असतो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, हप्ते चालू आहेत म्हणा, बदलीचं घाटतंय म्हणा, मग तुम्ही घरात एकच खुर्ची ठेवली तरी कोणी काही बोलणार नाही. नुसतं 'पुरे आहे' म्हटलं की समोरचा थबकतो. मी प्रयोग करून पाहिला. ऑफिसात एकीने विचारलं, "हा ड्रेस परवा घातला होतास ना?" मी म्हटलं, "हो, बाकीच्यांचा रंग अंगाला त्रास देतो." तिने लगेच एका त्वचेच्या डॉक्टरांचा नंबर दिला आणि पुन्हा कधी विचारलं नाही. खरं सांगितलं असतं, की पाच ड्रेसांत माझं भागतं, तर ती पहिल्यांदा स्वतःच्या कपाटाचा विचार करती झाली असती आणि मग माझ्यावर चिडली असती.

यात तिची चूक आहे असं मला वाटत नाही. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1899 सालीच सांगून ठेवलंय की माणसं बराचसा खर्च वस्तूच्या उपयोगासाठी करत नाहीत, चारचौघांना दिसावा म्हणून करतात. त्याने हे बऱ्याच कुत्सितपणे सांगितलंय, मला त्यात थोडी मायाही दिसते. मोठा फ्रीज, नवे पडदे, जड काचेचे ग्लास ही आपली एकमेकांना खुशाली कळवायची पद्धत झाली आहे: आमचं बरं चाललंय, तुमचं? अशा वेळी एक घर अचानक उत्तर द्यायचं बंद झालं, तर शेजारपाजारचे दार ठोठावून बघणारच.

पण बाबांचं तसं नव्हतं. त्यांच्यापुढे मला कुठलंच कारण पुरवता आलं नाही.

तो मोठा फ्रीज बाबांनी घेऊन दिलेला होता. आम्ही या घरात आलो तेव्हा पाच-सहा दुकानं फिरून, प्रत्येकाचं दार उघडून-मिटून बघून त्यांनी तो निवडला होता. तो दिल्याचं मी त्यांना आधी सांगितलं नाही. नंतर फोनवर सांगितलं, तेही हवापाण्याच्या गप्पांत सरकवून. पलीकडे बराच वेळ शांतता.

"बिघडला होता?"

"नाही बाबा. मोठा होत होता आम्हाला."

"मोठा होत होता," त्यांनी माझे शब्द तसेच्या तसे परत केले. मग म्हणाले, "आमच्या घरात फ्रीज आला तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. दोन वर्षं हप्ते भरले. तुझी आई रोज कोरड्या फडक्याने पुसायची त्याला. आमच्याकडे नव्हतं तेव्हा नव्हतं, त्याचं आम्ही कौतुक नाही केलं. तुझ्याकडे आहे आणि तू काढून टाकतेस, आणि त्याचं तुला कौतुक वाटतंय."

मला खरंच कौतुक वाटत होतं, म्हणून ते लागलं. साधेपणाबद्दल मी मनातल्या मनात जी भाषणं तयार केली होती ती सगळी अशा माणसापुढे उघडी पडली, ज्याने तो साधेपणा मागून घेतला नव्हता. एकाच शर्टावर आठवडा काढणं हे त्यांच्यासाठी तरुणपण होतं आणि माझ्यासाठी उपक्रम. आपणहून सोडायला आधी असावं लागतं. बाबांनी सगळं आयुष्य त्या 'असण्या'त घातलं होतं, आणि मी ते 450 वरून 190 वर आणून ठेवलं होतं. त्यांना तो फ्रीज दिल्याचं दुःख असेलही, पण आपले कष्ट मुलीला अडगळ वाटले, हे जास्त असणार. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी औषधांबद्दल काहीतरी विचारून फोन ठेवला.

त्या दिवसांत मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत होते. आपणहून पत्करलेल्या साधेपणासाठी इंग्रजीत आज जो शब्द चालतो, तो रिचर्ड ग्रेग या अमेरिकन माणसाने 1936 साली एका लेखातून पुढे आणला. वकिली शिकलेला हा गृहस्थ त्याआधी भारतात येऊन गांधीजींच्या सहवासात राहिला होता. त्याने गांधीजींजवळ कबुली दिली, की बाकीचं मी सोडू शकेन, पण पुस्तकांचा मोह सुटत नाही. गांधीजी म्हणाले, मग सोडू नका. ज्या वस्तूचा मनाला आधार वाटतो ती ठेवावी. कर्तव्य म्हणून ओढूनताणून टाकली तर मन तिच्याकडे परत परत धावत राहतं. हे वाचून मला आधी हायसं वाटलं, कारण माझीही पुस्तकं बरीच आहेत. नंतर वाटलं, त्या फ्रीजचा आधार ज्याला होता, त्याला विचारायचं मात्र मी विसरले.

माझं स्वतःचं सांगायचं तर वस्तू सोडणं मला जड गेलं नाही. जड गेलं ते गप्प बसणं. मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून "शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जातं!" असं ओरडत असे. लोकांच्या घरी गेले की रिकाम्या खोलीतला चालू पंखा मला आधी दिसे, माणसं नंतर. एकदा नणंदेकडे मी गप्पांच्या ऐन भरात उठून त्यांच्या टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद केलं. त्यावर कोणी काही बोललं नाही, पण नंतरच्या गप्पा काही रंगल्या नाहीत. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, तू वस्तू कमी केल्यास, पण वाक्यं फार वाढवलीस."

तिनेच मला आणखी एकदा पकडलं. वर्षअखेरीला हिशेब केला तर बरेच पैसे शिल्लक निघाले, आणि आम्ही खुशीत तिघांची विमानाची तिकिटं काढली. रात्री बटणं बंद करत फिरताना ती मागून म्हणाली, "त्या विमानाला किती इंधन लागतं ते मोजलंस का?" विल्यम जेव्हन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने 1865 सालीच दाखवून दिलं होतं की वाफेची इंजिनं काटकसरी झाल्याने कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. वाचलेलं कुठेतरी खर्च व्हायला वाट शोधतंच. एवढ्या जुन्या सापळ्यात आम्ही हसत हसत पाय ठेवला होता. तिकिटं रद्द केली का? नाही केली. सहल छान झाली. परतल्यावर दोन महिने मी कोणाला पंख्याबद्दल काही बोलले नाही.

गेल्या महिन्यात बाबा आमच्याकडे राहायला आले. लहान फ्रीज घेतल्यानंतर पहिल्यांदाच. आल्या आल्या ते स्वयंपाकघरात गेले, फ्रीजचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून उगाच काहीतरी पुसत होते.

"कागद दे," ते म्हणाले.

मी दिला. त्यांनी तो दाराच्या फटीत धरून दार लावलं आणि कागद ओढला. तो अलगद बाहेर आला. "हे बघ. रबर सैल पडलंय. थंडावा सगळा इथून बाहेर चाललाय, आणि मशीन बसलंय धावत. बटणं कसली बंद करतेस?"

दोन वर्षं मी वॅट मोजत होते, आणि दाराचं रबर एकदाही पाहिलं नव्हतं. बाबा चष्मा वर करून त्या रबरावरून बोट फिरवत होते. चेहऱ्यावर नाराजी होती, पण हात कामाला लागले होते. "नवं नको घालायला. गरम हवा दिली की फुगून जागेवर येतं. केस वाळवायचं यंत्र असेल ना तुझ्याकडे?"

होतं. टॉवेलांच्या पाठोपाठ चौथ्या की पाचव्या दिवशी देऊन टाकलं होतं.

मी काकूंची बेल वाजवली. काय हवंय ते सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. आत जाऊन त्या हेअर ड्रायर घेऊन आल्या, वायर नीट गुंडाळून माझ्या हातात ठेवला, आणि वरून हात थोपटला.

"परत आणायची घाई करू नकोस गं," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे दोन आहेत."