बाण हवेत लटकला

भोसरीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून तोच दिवस धरला. १०० टनी प्रेसवर डाय (साचा) बदलण्याआधी मशिन बंद करून कुलूप लावायचं, त्या लॉकआउटचं ट्रेनिंग तयार करत होते. ट्रेनी हेडसेट घालून मशिनसमोर उभा राहील आणि काय बंद करायचं, कुलूप कुठं लावायचं, ते त्याला मशिनवरच बाणांनी दिसेल.

आठ दिवस खपून मी ते डेस्कटॉपवर, युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये, प्रेसच्या कॅड मॉडेलवर बांधलं होतं. मेन स्विच बंद, कुलूप, टॅग. फ्लायव्हील हे जड चाक वीज गेल्यावरही फिरत राहतं, ते थांबू द्यायचं. मग रॅमखाली, म्हणजे प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाखाली, सेफ्टी ब्लॉक आणि त्यानंतरच व्हॉल्व्ह उघडून काउंटरबॅलन्सची, म्हणजे रॅमचं वजन तोलून धरणारी, हवा सोडायची. उलटं केलं तर रॅम स्वतःच्या वजनानं खाली येऊ शकतो. ट्रेनीनं तीच चूक केली तर पुढं काय होतं, ती फांदीही मी जोडली होती. हे काम टेबलाशी बसूनच होतं, असं मला आजही वाटतं.

मेंटेनन्सच्या मामांनी हेडसेट चढवला, प्रेसभोवती फिरले आणि थांबले.

"मॅडम, व्हॉल्व्ह इथं कुठाय? तो मागं घेतलाय, गार्डाच्या आड."

माझा बाण रिकाम्या हवेकडं बोट दाखवत होता. व्हॉल्व्ह हलवला होता, पण ड्रॉइंग कुणी बदललं नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. चुकीच्या जागी व्हॉल्व्ह शोधणारा पोरगा मला दिसत होता.

मामांना म्हटलं, तुम्हीच लावा. त्यांनी चिमटीत बाण धरला, मागं नेला, व्हॉल्व्हवर सोडला. मिनिटही लागलं नाही. मग वाकून आत जाताना कपाळासमोर येणाऱ्या पाइपवर त्यांनी आणखी एक खूण ठेवली. तो पाइप माझ्या मॉडेलमध्ये होता, पण स्क्रीनवर कुणाचं डोकं आपटत नाही.

हेडसेटमध्येच सगळं करावं असं मात्र नाही. हवेतल्या कीबोर्डवर एकेक अक्षर टोचत 'व्हॉल्व्ह' लिहिताना मामा वैतागले. अर्ध्या तासात खांदा भरून आला. चकचकीत पत्र्याजवळ बाण सरकायचे; कॅमेऱ्यांना पकडायला तिथं काही खूणच नसते. म्हणून लिहिणं सोडलं आणि मामांचा आवाज रेकॉर्ड केला: "ब्लॉक लावलास का? आता हवा सोड. काटा शून्यावर आल्याशिवाय हात घालू नको."

क्रम आणि फांद्या माझ्या डेस्कटॉपवरच्याच ठेवल्या. जागा सगळ्या मामांनी लावलेल्या. ते काम संपायला संध्याकाळ झाली.

शनिवारी पहिला ट्रेनी, नुकताच आयटीआय झालेला, प्रेसच्या मागं गेला. पाइपापाशी येताच कपाळावर हात धरून वाकला. मामा माझ्याशेजारी उभे राहून नुसतं बघत होते.