पहिल्या एशियाडला आपण दुसरे होतो, मग पुढे काय झालं?

जिल्ह्याच्या मीटला मी टायमिंगच्या टेबलाशी बसलेलो असतो तेव्हा दर सीझनला हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक वेळा कुठल्यातरी पोराचा बाप असतो, पोरगं नुकतंच हीटमध्ये बाद झालेलं असतं, त्यामुळे आवाजात थोडा राग पण असतो. "सर, १९५१ ला पहिलं एशियाड दिल्लीत झालं तेव्हा आपण म्हणे आख्ख्या आशियात दुसरे आलो होतो, मग नंतर माती कुठे खाल्ली?" व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड फिरत असतं ना, त्यातलं. मी "निवांत सांगतो" म्हणतो, तेवढ्यात स्टार्टरची शिट्टी होते आणि ते राहूनच जातं. आता इतक्या जणांनी विचारलंय तर एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

तर हो, खरं आहे. ४ ते ११ मार्च १९५१, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, म्हणजे आत्ताचं मेजर ध्यानचंद स्टेडियम, तेच जे आधी आयर्विन अ‍ॅम्फिथिएटर होतं. ११ देश, ४८९ खेळाडू. जपानला २४ गोल्ड, आपल्याला १५, इराणला ८. एकूण मेडल जपानची ६० आणि आपली ५१, म्हणजे अगदी चुरशीचं होतं असं आकड्यांवरून वाटतं. आपली १५ कशी आली तेही बघा: अ‍ॅथलेटिक्समध्ये १०, पोहण्याच्या तलावावर ४ (एक शंभर मीटर फ्रीस्टाइल, दोन डायव्हिंगची, ती दोन्ही के. पी. ठक्कर या एकाच माणसाने मारली, आणि एक वॉटर पोलो) आणि एक फुटबॉल. फुटबॉलच्या फायनलला इराणला १-० हरवलं, गोल मेवालालचा, कॅप्टन शैलेन मन्ना. हे फुटबॉलचं सगळ्यांना थोडंफार ठाऊक असतं, सिनेमे वगैरे येत असतात, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

आता फॉरवर्डमध्ये जे नसतं ते. कोरियात तेव्हा युद्ध चालू होतं त्यामुळे ते आलेच नाहीत. चीन नाही. पाकिस्तान नाही. आलेल्या ११ पैकी नेपाळ, थायलंड आणि अफगाणिस्तान एकही मेडल न घेता घरी गेले. जपान आला होता पण कसा, तर देश अजून अमेरिकन फौजांच्या ताब्यात, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना बोलावलंच नव्हतं, आणि तरीही २४ गोल्ड. बरं, त्यांचा फुरुहाशी तेव्हा पोहण्यात वर्ल्ड रेकॉर्ड मोडत सुटला होता, १९४९ ला अमेरिकेत जाऊन त्याने तिथल्या लोकांना गार केलं होतं, पण दिल्लीच्या स्विमिंगच्या मेडल यादीत जपानचं एकही नाव नाही. तिथे सिंगापूरचा निओ च्वी कॉक एकटा चार गोल्ड घेऊन गेला. जपानी पोहायला उतरले असते तर त्याचं आणि आपलं काय झालं असतं हा विचार करायला फार डोकं लागत नाही.

पण थांबा, लगेच "अरे म्हणजे फुकटची मेडल होती" असं पण म्हणू नका, कारण हे दोन्हीकडून आहे. त्या एशियाडला हॉकी नव्हती! १९४८ ला लंडनमध्ये गोल्ड घेतलेली टीम घरात बसून होती. कुस्ती पण नव्हती. त्यामुळे मला जे नेहमी विचारतात की खाशाबा जाधवांचं नाव १९५१ च्या यादीत का नाही, त्याचं उत्तर एवढंच की कुस्तीचा आखाडाच त्या एशियाडला नव्हता. कुस्ती पुढच्या मनिलाला १९५४ मध्ये आली. लंडनला सहावा आलेला आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकीला ब्राँझ आणणारा गोळेश्वरचा पैलवान हाताशी होता आणि त्याला खेळायला गटच नाही. आपलं घरचं अंगण, यजमान आपण, आणि आपले दोन सगळ्यात पक्के खेळ यादीत नाहीत, हे कसं काय झालं असेल देव जाणे.

म्हणून मी म्हणतो मेडल टेबल बघून डोकं फिरवून घेऊ नका. टेबल फक्त सांगतं की त्या आठवड्यात त्या गावात आलेल्यांमध्ये कोण पुढे होतं. मी घड्याळवाला माणूस आहे, मी टाइम बघतो. टाइमला कोण आलं कोण नाही आलं याने फरक पडत नाही.

तेव्हाचं टायमिंग हाताचं. म्हणजे फिनिशच्या रेषेच्या बरोबर सरळीत टायमकीपर बसणार, शंभर मीटर लांब स्टार्टरच्या हातातल्या पिस्तुलाकडे डोळे लावून, आणि घड्याळ चालू करायचं ते धूर दिसला की, आवाज ऐकून नाही, कारण आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळपास ०.३ सेकंद खातो आणि शंभर मीटरमध्ये ०.३ म्हणजे सगळंच. नवीन पोरगं टायमिंगला बसवलं की हमखास आवाजावर दाबतं आणि मग लेनमधला पोरगा अचानक राज्य विक्रमाच्या जवळ पळालेला दिसतो. पहिल्या नंबरला तीन घड्याळं, तीन वेगळी आली तर मधलं धरायचं. आणि या सगळ्यात अंगठ्याचा उशीर असतोच, स्टार्टला जास्त, कारण फिनिशला माणूस येताना दिसत असतो पण पिस्तूल कधी उडणार ते कळत नाही, म्हणून हाताचा टाइम नेहमी थोडा चांगला दिसतो. आजच्या इलेक्ट्रॉनिकशी जुळवायचं तर शंभर आणि दोनशेला ०.२४ मिळवायचे असतात. सिंथेटिक ट्रॅक तर तेव्हा जगात कुठेच नव्हते.

आता या नजरेने दिल्ली बघा. शेजारी तीन वर्षं आधीचं लंडन ऑलिंपिक ठेवतो, तेही त्याच काळातलं.

८०० मीटरला आपल्या रणजित सिंगने गोल्ड घेतलं, टाइम १:५९.३. लंडनला माल व्हिटफील्डने जिंकलं ते १:४९.२. दोघांना एकत्र पळवलं असतं तर व्हिटफील्डने फिनिश केली तेव्हा रणजित सिंग साधारण ६८ मीटर मागे असता. शेवटच्या सरळीचा मोठा भाग पळायचा राहिला असता. १५०० ला निक्का सिंग, ४:०४.१, लंडनच्या विजेत्यापेक्षा चौदा सेकंद मागे. शंभर मीटर फ्रीस्टाइलला सचिन नाग १:०४.७ आणि लंडनला वॉली रिस ५७.३, म्हणजे अकरा मीटर मागे, पोहण्यात अकरा मीटर म्हणजे मधे पाणीच पाणी. मॅरेथॉनला छोटा सिंग २ तास ४२ मिनिटं ५८.६, लंडनला काब्रेरा २ तास ३४ मिनिटं आणि वर काही सेकंद, हे तेवढं वाईट नाही, पण मॅरेथॉनचा रस्ता प्रत्येक ठिकाणी वेगळा म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

आणि मग येतो लेव्ही पिंटो. शंभर मीटर १०.८, दोनशे मीटर २२.०, दोन्ही गोल्ड. लंडनला शंभर मीटर हॅरिसन डिलार्डने जिंकलं ते १०.३ ने. फरक अर्धा सेकंद, म्हणजे पाचेक मीटर. दोनशेला मेल पॅटन २१.१, तिथे पण नऊ दशांश. बाकीच्यांची तुलना केली तर कोणी नऊ टक्के मागे, कोणी तेरा, आणि पिंटो दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आत. ट्रॅकवरच्या आपल्या सगळ्या गोल्डवाल्यांमध्ये जगाच्या सगळ्यात जवळ पोचलेला माणूस हा. नैरोबीत जन्मलेला, मूळ गोव्याकडचं घराणं, पळाला मुंबईकडून. पुढच्या वर्षी हेलसिंकीला ऑलिंपिकही पळून आला, नंतर अमेरिकेत गेला, शिकागोकडे राहिला, २०२० मध्ये वारला. एशियाडला पुरुषांचं शंभर मीटर गोल्ड जिंकलेला तो आजतागायत एकमेव भारतीय. मिल्खा सिंगने १९५८ ला टोकियोत दोनशे जिंकलं, पण शंभर आणि दोनशे दोन्ही एकाच एशियाडला, हे पिंटोनंतर आपल्या एकाही पुरुषाला जमलेलं नाही. मी शाळेच्या पीटीच्या मास्तरांना हे नाव विचारतो ना, दहात एखाद्याला माहीत असतं, आणि हे मास्तर लोक मिल्खाचा टाइम दशांशासकट पाठ म्हणून दाखवतात.

एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे मला स्वतःला फार टोचते. आशियातला सगळ्यात फास्ट माणूस आपल्याकडे, आणि ४ बाय १०० रिले जपानने जिंकली, आपण सिल्व्हर. रिले बघणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. एक माणूस कितीही पळू दे, बॅटन बदलताना घेणारा उभा राहिलेला असेल तर गेलं सगळं. जपानी आजही रिलेत तेच करतात, एकेकट्याने बघितलं तर जगात फार वर नसतात पण रिओ ऑलिंपिकला याच रिलेत सिल्व्हर घेतलं त्यांनी, बॅटनच्या जिवावर. आपल्याकडे जिल्ह्याला रिलेची टीम मीटच्या आदल्या दिवशी ठरते. असो.

सचिन नाग यांना मी वर टाइममध्ये मागे टाकलंय त्यामुळे त्यांचं राहिलेलं पण सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. बनारसचा माणूस, पोहला कलकत्त्यात. एशियाडमधलं भारताचं पहिलं गोल्ड म्हणून त्यांचंच नाव घेतात. वॉटर पोलोच्या गोल्डमध्ये पण ते होते. आणि पोहण्याच्या शर्यतीत एशियाडचं गोल्ड भारताला त्यांच्यानंतर एकदाही मिळालेलं नाही. खजान सिंगचं १९८६ चं सिल्व्हर, मग चोवीस वर्षं काहीच नाही, मग २०१० ला आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ब्राँझ. वीरधवलचं ब्राँझ आलं तेव्हा कोल्हापुरात केवढा जल्लोष झाला, आणि व्हायलाच पाहिजे होता. नाग १९८७ ला गेले. ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०२० मध्ये, मरणोत्तर.

बायकांचं कोणी विचारतच नाही, म्हणून न विचारता सांगतो. ट्रॅक अँड फील्डचे बायकांचे सगळेच्या सगळे इव्हेंट जपानने जिंकले, एकही सोडला नाही. पण मुंबईच्या रोशन मिस्त्रीने शंभर मीटरला सिल्व्हर घेतलं, वांद्र्याच्या मेरी डिसोझाने दोनशेला ब्राँझ, आणि दोघी रिलेच्या सिल्व्हरमध्ये पण होत्या. मेरी डिसोझा हॉकी पण भारताकडून खेळली, ट्रॅकवर पण भारताकडून, आणि १९५२ ला हेलसिंकीला ऑलिंपिकला गेलेल्या आपल्या पहिल्या चार बायकांत ती एक. तिथे जायचे पैसे कुठून आणायचे इथून सुरुवात होती, ओळखीपाळखीच्यांनी कार्यक्रम करून वर्गणी जमवायला घेतली होती. ध्यानचंद पुरस्कार तिला २०१३ ला मिळाला. म्हणजे साठ वर्षांनी. पोरींच्या आयांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण रेल्वेचं तिकीट महाग पडतं म्हणून विभागीयला न पाठवलेल्या पोरी मी बघितल्यात आणि त्यांचे टाइम अजून माझ्या वहीत आहेत.

आता मूळ प्रश्न, माती कुठे खाल्ली. मला नाही वाटत खाल्ली. १९५४ ला मनिलाला कोरिया आला, पाकिस्तान आला, फिलिपिन्स स्वतःच्या घरात खेळले आणि आपण पहिल्या तिनातही नव्हतो. १५ गोल्डचा आकडा परत गाठायला २०१८ चं जकार्ता उजाडलं. पण घड्याळ बघितलं तर आपण हळू झालेलो नाही. पिंटोचे १०.८ हाताचे, इलेक्ट्रॉनिकमध्ये धरा ११.०४. २०२५ मध्ये अनिमेष कुजुरने राष्ट्रीय विक्रम १०.१८ वर आणला. मधल्या काळात आशिया कुठे गेला बघा, चीनच्या सू बिंगत्यानने टोकियो ऑलिंपिकच्या सेमीला ९.८३ लावले. म्हणजे आपण आठ-नऊ दशांश कमी केले आणि बाकीच्यांनी सव्वा सेकंदाच्या आसपास. हेच ते, आणखी काही गूढ नाही त्यात. १९५१ ला आशिया नुकता युद्धातून उठत होता, आपण आधी उठून बसलो होतो इतकंच, आणि तेवढ्या वेळात जी माणसं पळाली ती मन लावून पळाली.

आणि हो, क्विझवाले मेसेज करतात त्यांच्यासाठी: मिस्टर एशियाची शरीरसौष्ठव स्पर्धाही त्याच वेळी झाली होती, ती परिमल रॉय या आपल्याच माणसाने जिंकली, पण ती १५ गोल्डमध्ये धरत नाहीत. सोळा लिहिलंत तर मार्क जातील.