अनवाणी माणसांचं बुकिंग

गणपतीसाठी हॉल शोधत होतो. न्यूझीलंडमधल्या आमच्या हॅमिल्टनमधले परवडेनात, म्हणून शहराबाहेर अर्ध्या तासावरच्या खेड्यातला हॉल बघायला गेलो. चहूकडे गाईंची कुरणं, मधोमध पत्र्याच्या छपराची लाकडी इमारत, बाजूला पावसाच्या पाण्याची टाकी. किल्ली समोर राहणाऱ्या आजींकडे. माणसं किती, गोंगाट किती, काही विचारलं नाही त्यांनी. "पायात काय घालणार?" एवढंच.

सगळी काळजी त्या जमिनीची. माताई नावाच्या इथल्याच झाडाच्या फळ्या, मधाच्या रंगाच्या. उंच टाचांनी त्यांना खळगे पडतात. पूर्वी शनिवारी रात्री नाच असला की दुपारी मेणबत्त्या किसून जमिनीवर पसरायच्या, पोत्यावर पोरांना बसवायचं आणि पोतं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं. पोरांची चैन आणि जमीन गुळगुळीत! आजीही त्या पोत्यावर बसलेल्या. मी म्हटलं, आम्ही चपला दाराबाहेर काढतो, लेझीमसुद्धा अनवाणी खेळतो. हॉल तिथल्या तिथे पक्का.

आत भिंतीवर मोठी फळी, सोनेरी अक्षरांत युद्धावर गेलेल्यांची नावं. एकच आडनाव तीनदा, त्यातल्या दोघांपुढे क्रूस. पहिल्या महायुद्धाच्या वेळी न्यूझीलंडची वस्ती जेमतेम अकरा लाख. त्यातले सुमारे एक लाख परदेशी लढायला गेले, अठरा हजार परतले नाहीत. मृतदेहही आणले गेले नाहीत. आईबापांनी फूल वाहायचं ते या फळीपाशीच. मी साताऱ्याचा, त्यामुळे आमच्याकडचं सैनिकांचं गाव अपशिंगे मिलिटरी आठवलंच. तिथले जवानही याच युद्धात गेले होते.

दुसऱ्या युद्धानंतर मात्र सरकारनं ठरवलं की आता नुसते स्तंभ नकोत, गावाला वापरता येईल असं स्मारक हवं. गावानं एक पौंड जमवला की सरकार एक घालणार. अशी शेकडो स्मारकं उभी राहिली, त्यात हॉलच फार. वर्गणी आणि श्रमदान आपल्याला नवीन नाही. पण आमच्या गावच्या समाजमंदिराचं कुलूप निवडणुकीशिवाय निघत नाही, हेही खरं.

आता या हॉलांना पैसा पुरत नाही. २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपात १८५ माणसं गेली, त्यानंतर नियम कडक झाले. नव्या इमारतीला लागते त्याच्या ३४ टक्केही ताकद नसेल तर ठरलेल्या मुदतीत मजबुतीकरण करा, नाहीतर पाडा, असं तेव्हा ठरलं. विटांच्या इमारतींचे फार हाल. लाकडी हॉल त्या मानानं सुटतात. तरी विमा, रंग, गळकं छप्पर आहेच. गावात पोरंही कमी झाली.

मार्चमध्ये साफसफाईला आम्ही चौघं गेलो. याला इथे 'वर्किंग बी' म्हणतात. पन्हाळीतून पक्ष्यांची घरटी काढली, मग आजींच्या हातचे स्कोन आणि आमचे कांदेपोहे. निघताना पुढच्या गणपतीच्या तारखा सांगितल्या. आजींनी वही उघडली. गेल्या सप्टेंबरच्या पानावर आमच्या मंडळाचं नाव नव्हतंच, पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'अनवाणी लोक'. यंदाही त्यांनी तेच लिहिलं.