फॉर्मवर दोनच चौकोन: आमच्या रॉकेटची अडकलेली फाईल

मुलांचं रॉकेट उडवायच्या परवानगीच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते: ‘नवीन परवानगी’ आणि ‘स्थगित परवानगी पुन्हा सुरू करणे’. खूण एकावरच करायची. त्यापायी आमचे सहा आठवडे गेले, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन हुकला आणि “टीचर, पत्र आलं?” असं रोज विचारणाऱ्या नववीच्या मुलांना रोज नाही म्हणावं लागलं. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे. दुसऱ्या कुठल्या शाळेवर ही वेळ आली तर निदान त्यांचे हेलपाटे वाचतील.

आमची शाळा गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. रॉकेट पाण्याचं. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, पायपंपाने वर हवा भरायची, खालची पकड सोडली की पाणी जोरात खाली फेकलं जातं आणि बाटली वर जाते. दारू नाही, आग नाही. पण ५ जानेवारी २०२३ला आमच्याच तालुक्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाला, आणि तेव्हापासून आमचे मुख्याध्यापक आकाशात काहीही सोडायच्या आधी कागद करून घेतात. पहिली परवानगी त्यांनीच आणली होती.

डिसेंबरच्या प्रदर्शनात दोन बाटल्या जोडून केलेलं रॉकेट दहा-बारा मीटरवर फाटलं. वरची बाटली आडवी गेली आणि शाळेमागच्या आजींच्या घराची चार मंगळुरी कौलं फुटली. कोणाला लागलं नाही. आजी मुलांवर ओरडल्या नाहीत, उलट घाबरलेल्या दोघांना आत नेऊन पाणी दिलं. कौलं दुसऱ्या दिवशी शाळेने बसवून दिली. परवानगी स्थगित झाली. ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मुलांनी सगळे तुकडे गोळा करून वर्गात बाकावर मांडले. मला वाटलं होतं सांधा निसटला असणार. पण सांधा जसाच्या तसा होता. चीर त्याच्या दोन बोटं खाली, उडताना दांड्यावरून सरकायची नळी आम्ही ग्लू गनने चिकटवली होती तिथून सुरू झाली होती. गरम गोंदाने बाटलीचं प्लास्टिक मऊ पडतं, आक्रसतं, आणि तिथेच कमजोर होतं. खात्री करायला आम्ही बाटल्या काठोकाठ पाण्याने भरून दाब दिला. अशी चाचणी कोरड्या बाटलीवर कधीही करू नका. दाबलेली हवा स्फोटासारखी सुटते, पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे बाटली फाटली तरी तुकडे उडत नाहीत. तरीही मुलं भिंतीआड आणि डोळ्यांवर चष्मे. ग्लू गन लावलेल्या तिन्ही बाटल्या ८० पाउंडांच्या (दर चौरस इंचाला) आत फाटल्या, एक तर ६५लाच. प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही ७० भरले होते. गोंद न लावलेली बाटली १२०लाही शाबूत राहिली.

कारण सापडलं. आणि मुलं पुन्हा हात घालणार म्हटल्यावर थोडक्यात थोडीच थांबणार? त्यांनी टाकी लांब केली आणि चावीच्या खेळण्यातलं यंत्र काढून त्यावर उघडणारं पॅराशूट बसवलं.

अडचण इथून सुरू झाली. कार्यालय पणजीत आहे, नाव लिहीत नाही. मी ‘पुन्हा सुरू’वर खूण केली. नऊ दिवसांनी अर्ज परत आला: चित्र जुन्या फाईलशी जुळत नाही, रॉकेट वेगळं आहे, नवीन अर्ज करा. मी ‘नवीन’वर खूण केली. त्याला बारा दिवस लागले: या शाळेची आधीची परवानगी स्थगित आहे, ती निकाली निघाल्याशिवाय नवीन देता येत नाही. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा. खिडकीवर एकच उत्तर, “सायब भायर गेल्यात, फाल्यां येयात,” म्हणजे साहेब बाहेर गेलेत, उद्या या. फाल्यां गेलं की त्या दिवशी वेगळीच मीटिंग.

तिसऱ्या वेळी मला सांगण्यात आलं की आधी जुन्या रॉकेटची परवानगी पूर्ववत करून घ्या, मग नव्याचं बघू. म्हणजे जे फाटलं, ज्यातली चूक आम्हांला कळली आहे, तेच जसंच्या तसं उडवायची परवानगी मी मागायची! मुलांना मी वर्षभर काय शिकवलं? चूक शोधा, बदल करा, मग पुढे जा. आणि कागदावर लिहून द्यायचं की आम्ही काहीच बदललेलं नाही? मी तो अर्ज केला नाही. खिडकीवर माझा आवाज चढला हे खरं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझा पहिला अर्ज ‘मिळालाच नाही’ असं एकदा ऐकावं लागलं. त्यावर शिक्का होता म्हणून वाचले. त्रुटी तोंडी सांगितली तर ती लिहून मागा. ‘नवीन करा’ आणि ‘नवीन होत नाही’ ही दोन्ही उत्तरं माझ्याकडे लेखी होती. चौथ्या वेळी ते दोन कागद समोरासमोर ठेवले, तेव्हाच मला आत साहेबांकडे सोडलं.

मी त्यांना एसएसएलव्हीची गोष्ट सांगितली. इस्रोच्या या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ला फसलं. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने संवेदक क्षणभर गोंधळले, संगणकाने ते बिघडलेत असं धरलं, आणि ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह ३५६ बाय ७६च्या कक्षेत सुटून खाली आले. त्यांत देशातल्या ७५ शाळांच्या मुलींनी तयार केलेला आझादीसॅट होता. इस्रोने तेच रॉकेट जसंच्या तसं पुन्हा उडवलं नाही. दुसरा टप्पा सोडवणारी यंत्रणा कमी हादऱ्याची घेतली, संगणकाची तपासणी बदलली, आणि १० फेब्रुवारी २०२३ला आझादीसॅट-२ कक्षेत गेला. अमेरिकेतली रॉकेट कंपनी स्पेसएक्स तर याच्याही पुढे गेली. जून २०१५मध्ये तिचं फाल्कन-९ रॉकेट फुटलं ते हेलियमची टाकी धरणारा एक आधार अपेक्षेच्या पाचव्या हिश्श्याच्या भारालाच तुटल्यामुळे, असं कंपनीने सांगितलं. त्याच वर्षी २१ डिसेंबरला उडालं ते सुधारित फाल्कन, जास्त थंड आणि म्हणून जास्त दाट ऑक्सिजन भरलेलं. त्याने ११ उपग्रह सोडले आणि त्याचा पहिला टप्पा परत येऊन जमिनीवर उभा उतरला.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “टीचर, फुटलं म्हणून काय बदललं, आणि तुम्हांला हवं होतं म्हणून काय बदललं?”

सहा आठवड्यांत मला विचारलेला हा पहिला योग्य प्रश्न होता. खिडकीवर कोणी पहिल्याच दिवशी विचारला असता तर विज्ञान दिन हुकला नसता.

घरी येऊन एका पानावर दोन रकाने केले. डावीकडे: ग्लू गन बंद, नळी टेपने बांधलेली, दाब ६०च्या वर नाही, प्रत्येक बाटलीची आधी पाणी भरून ९० पाउंडांवर चाचणी. उजवीकडे: लांब टाकी, पॅराशूट. पॅराशूटवरून वर्गात वाद झाला. बहुतेकांना ते डावीकडे हवं होतं, म्हणजे परवानगी लवकर मिळेल. एक मुलगी म्हणाली, “पण टीचर, ते बारा मीटरवर आडवं गेलं. पॅराशूट असतं तरी कौलं फुटलीच असती.” तिचं बरोबर होतं. पॅराशूट उजवीकडेच राहिलं. मला त्या मुलीचा फार अभिमान वाटला.

हे पान ‘पुन्हा सुरू’च्या अर्जाला जोडलं आणि पाच दिवसांत पत्र आलं. अट एक: पहिलं उड्डाण फक्त डाव्या रकान्यातल्या बदलांचं, ते नीट झालं तरच उजवीकडचे. आधी मुलं हिरमुसली. मला अट पटली. सगळं एकदम बदललं आणि पुन्हा फाटलं, तर कशामुळे ते शोधणार कसं?

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, घरांपासून लांब, दोन्ही उडाली. पहिलं सरळ वर जाऊन मेरेवर पडलं. दुसऱ्याचं पॅराशूट उघडलं तेव्हा मी ओरडले, मुलांपेक्षा मोठ्याने. कौलांवाल्या आजी बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

फॉर्मवर तिसरा चौकोन हवा, ‘सुधारणेसह पुन्हा सुरू’, आणि सोबत दोन रकान्यांचं पान, असा लेखी अर्ज मी त्याच खिडकीवर दिला आहे. इनवर्ड नंबर घेतला आहे. पुढच्या सोमवारी विचारायला जाणार आहे.