एल-फाइव्हमधून पाणी आलं

मी कळव्याला राहतो, जुनी डिझेल इंजिनं म्युझियमसाठी तयार करायच्या कामावर आहे. लोकांना वाटतं पत्रा घासला, रंग मारला, नंबर टाकला की झालं. म्हणून हा एक दिवस सांगतोय.

ठाण्याच्या पुढे एका यार्डात डब्ल्यूडीएम-टू जातीचं डिझेल इंजिन उभं होतं. अल्को या अमेरिकन कंपनीचं डिझाइन, १९६२ला पहिली इंजिनं अमेरिकेतून आली, १९६४पासून वाराणसीत बनायला लागली, १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर. गणपतीला कोकणात रेल्वेने गेलेल्या कित्येकांनी याच घराण्यातल्या इंजिनांची धडधड ऐकलेली असणार. रंग झालेला, नवीन बॅटऱ्या बसवलेल्या, ल्युब ऑइल भरलेलं, त्या दिवशी फक्त चालू करायचं होतं आणि बघायला बरीच माणसं जमली होती.

आमच्यासोबत एक काका आहेत, डिझेल शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. ते म्हणाले, "आधी बारिंग." म्हणजे चालू करायच्या आधी इंजिन हाताने फिरवून बघायचं. कुणीतरी म्हणालं, काका जाऊ द्या ना, उशीर होतोय. काकांनी उत्तरच दिलं नाही, पाना घेतला आणि डीकॉम्प्रेशन प्लग, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या भोकाची बुचं, काढायला बसले. सोळाच्या सोळा. मग बार लावून आम्ही दोघं क्रँकशाफ्ट हाताने फिरवायला लागलो, इंचाइंचाने, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, आणि डाव्या बाजूच्या पाचव्या सिलिंडरच्या, म्हणजे एल-फाइव्हच्या, भोकातून पचकन पाणी उडालं. गंजाचं, चहासारखं लाल.

मी हात तसाच धरून उभा राहिलो. कूलिंगचं पाणी अजून भरलंच नव्हतं, म्हणजे लायनर (सिलिंडरची आतली नळी) किंवा हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या झाकणातून) गळायचा प्रश्नच नाही. काका वर चढले तर चिमणीवरचं झाकण गायब. आपल्याकडचा पाऊस, अख्खा पावसाळा चिमणीतून टर्बोत, तिथून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे धूर वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये, आणि ज्या सिलिंडरचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर सोडणारी झडप) उघडा राहिला होता त्यात. पाणी काही दाबलं जात नाही. चालू करताना बॅटरीवर मेन जनरेटर इंजिन फिरवतो, त्याने तसाच झटका दिला असता तर पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला असता, आणि या इंजिनाचे पार्ट आता मिळवायचे म्हणजे शेडशेड फिरून भंगारातून शोधावे लागतात.

जमलेली माणसं हळूहळू निघून गेली, आम्ही दुपारी हेड उतरवलं. लायनरवर बोटभर रुंद गंजाचं वलय होतं, पिस्टन जिथे थांबला होता बरोबर त्याच्या वर. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला, नख लावून बघितलं आणि म्हणाले, "खोल नाही गेलंय रे, वाचेल हे."

संध्याकाळी आभाळ भरून आलं, तेव्हा मी जाड पत्र्याचं झाकण कापून चिमणीवर बोल्टने आवळलं आणि खाली उतरायच्या आधी दोनदा हलवून बघितलं.